आरशातली पेटी

अप्पांच्या घरात टिचकी खाल्ल्याशिवाय कुठलीच वस्तू आत जात नसे. लातूरला त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्याने बघायला मी गेले, तेव्हा ओट्यावर बसलेल्या अप्पांनी माझं नाव-गाव विचारायच्या आधी माझ्या हातातली स्टीलची पाण्याची बाटली मागून घेतली. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी बाटली कानाजवळ धरली, नखाने टिचकी मारली, डोळे मिटले आणि हार्मोनियमचा सूर सांगावा तसं म्हणाले, "काळी दोन. अजून पाणी पिलाव तर आनखी चढंल."

मग त्यांनी नाव विचारलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, इथे छोटा दवाखाना काढायचाय, असं सांगितलं.

"म्हंजे व्यायामाच्या डॉक्टरबाई. राहा की. पन आमच्या वर इस्टुडिओ हाय. आवाज होतो. चालंल?"

मी नांदेडची. आमच्या घरामागे पिठाची गिरणी होती. आवाजाचं मला काय वाटणार? खोल्या मिळाल्या.

अप्पांचं सगळं आयुष्य भांड्यांच्या दुकानात गेलं. पितळ, तांबं, मग स्टील. गिऱ्हाईक हंडा निवडायचं तेव्हा अप्पा पत्रा किती जाड ते सांगायचे नाहीत, हंडा वाजवून दाखवायचे. लग्नाचा आहेर घ्यायला आलेल्या माणसांना त्यांनी एकमेकांशी सुरात जुळणारी पाच भांडी शोधायला दिवसभर बसवून ठेवल्याचं मी काकूंकडून, म्हणजे अप्पांच्या बायकोकडून, ऐकलंय. दुकान मुलाच्या हाती गेलं, तेव्हा मुलाने आणि गिऱ्हाइकांनी दोघांनीही सुटकेचा श्वास टाकला असावा. अप्पांनी मात्र दुसऱ्याच दिवशी गच्चीवरची मालाची खोली झाडून काढली आणि तिला स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली.

कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगात बंडी, गळ्यात इष्टलिंग आणि त्यावर हेडफोन. हेडफोन कुठेच जोडलेला नसे. भाजी आणायलाही ते तसेच जात.

स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते ट्रे घेऊन आले आणि काकू दारात उभ्या राहिल्या. लिंगायताच्या घरात अंडं काय, अंड्याचा पुठ्ठासुद्धा येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

"अवो, रिकामे हायत," अप्पा म्हणाले.

"रिकामे हायत म्हंजे कुणीतरी खाल्लंच की."

अप्पांनी ट्रे परत नेले. मग त्यांनी धान्याच्या मोंढ्यातून तुरीची रिकामी पोती आणून चारही भिंतींना खिळे मारून लावली. आवाज खरंच घुमेनासा झाला. स्टुडिओत गेलं की मात्र डाळ भरडल्यासारखा वास यायचा आणि गाणाऱ्याला आधी शिंका यायच्या. अप्पा म्हणायचे, "शिंकून घ्या आधी, मग गळा मोकळा होतो." दारावर पाटी होती: 'रेकॉर्डिंग चालू आहे. चपला हळू काढाव्यात.'

डीजे आले तसे आमच्याकडच्या गावोगावचे ऑर्केस्ट्रे बसले. लग्नात, गणपतीत जे कीबोर्ड गाजले ते कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली जाऊन पडले. अप्पांना त्यांचा वास लागायचा. उदगीर, देगलूर, अहमदपूर, जिथून बातमी येईल तिथे ते एसटीने जात आणि दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी कुशीत घेऊन परत येत. एकदा उदगीरहून आणलेल्या लांबलचक जपानी कीबोर्डसाठी त्यांनी शेजारच्या सीटचं तिकीट काढलं. कंडक्टरने विचारलं, "हे कोन?" अप्पा म्हणाले, "पाव्हणे हायत. थकलेत जरा." कंडक्टरही लातूरचाच. तो म्हणाला, "पाव्हण्यांना खिडकी द्या मग."

आणलेलं यंत्र कधीच धड नसे. पण ते बिघडलंय असं अप्पांसमोर म्हणायची सोय नव्हती. "बिघडलेलं न्हाई ते. अबोला धरलाय," असं ते म्हणत आणि पेचकस घेऊन समजूत काढायला बसत. उदगीरच्या पाहुण्याच्या कितीतरी पट्ट्या मुक्या होत्या. पट्टीखालची काळी रबराची टिकली झिजली की पट्टी बोलत नाही, हे अप्पांनी शोधलं. तशीच टिकली टीव्हीच्या रिमोटमधल्या बटणांखाली असते, हेही शोधलं. मग गल्लीतले सगळे मेलेले रिमोट आमच्या घरी आले. नंतर काही जिवंत रिमोटही हरवायला लागले. काकूंची मालिका सुरू व्हायची वेळ झाली आणि रिमोट चॅनेल बदलेना, तेव्हा त्या सरळ वर गेल्या. कीबोर्डकडे नुसता हात केला. अप्पांनी मुकाट्याने दोन पट्ट्यांच्या टिकल्या काढून रिमोटला परत दिल्या.

या सगळ्या भानगडीचं, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या रीतीचं, नाव मिडी. काकूंना बरेच दिवस वाटत होतं की अप्पा नातीसाठी मिडी फ्रॉक बघायलेत. मलाही काही कळत नव्हतं. एकदा संध्याकाळी मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर अप्पांनी मला आत बोलावून एक काळी वायर दाखवली. तिच्या तोंडाला गोल टोपण, त्यात पाच टाचण्या.

"डॉक्टरबाई, हिच्यातून काय जातं?"

"आवाज," मी म्हणाले.

त्यांना हेच उत्तर हवं होतं. "न्हाई. हिच्यातून हुकूम जातो. कोनती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कवा सोडली. बास. आवाज करायचं काम त्या डब्याचं." डबा म्हणजे हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली काळी पत्र्याची पेटी. तिला एकही पट्टी नव्हती, पण आत हार्मोनियमच्या पेटीपासून तुतारीपर्यंत सगळे आवाज भरलेले. "हितं मी दाबतो, तिथं ते बोलतं. मधी हा." मधे म्हणजे बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला कॉम्प्युटर. त्याला जागा व्हायला इतका वेळ लागे की अप्पा बटण दाबून खाली येत, चहा पीत, आणि मग वर जात.

हुकूम सोळा वाटांनी जातात, प्रत्येक वाट म्हणजे एक चॅनेल, आणि दहावं चॅनेल फक्त ढोल-ताशा वाजवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यानंतर स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली की अप्पा माझ्याकडे बघून हळूच म्हणत, "ह्या आत्ता दहाव्यावर हायत. जरा थांबून जावा." नवरा-बायकोचं, बाप-लेकाचं भांडण त्यांच्या कानावर आलं की निदान एकच असे: च्यानेल जुळंना.

डब्याला दोन खोडी होत्या. त्याच्या आतली बॅटरी मेली होती, त्यामुळे लाइट गेली की तो सगळं विसरायचा. आणि अधूनमधून पट्टी सोडल्याचा हुकूम वाटेतच गळायचा, मग तो सूर चालूच राहायचा. एका दुपारी असाच एक तुतारीचा सूर अडकला. अप्पा कॉम्प्युटरवर धून चालू ठेवून खाली चहाला आलेले. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, सगळी गल्ली टँकरची वाट बघत बसलेली. वरून आलेला तो लांब भोंगा ऐकून दारं उघडली आणि बाया घागरी, बादल्या, पातेली घेऊन धावत रस्त्यावर आल्या. ओळ लागली. ओळीत पुढे कोण यावरून बाचाबाची सुरू झाली. अप्पा चहाचा कप हातात घेऊन ओट्यावर आले, सगळं बघितलं, आणि परत आत वळून काकूंना म्हणाले, "आता वर जाऊन बंद करू का तसंच चालू राहू देऊ?" काकूंनी कपाळाला हात लावला. पण गंमत म्हणजे थोड्या वेळाने टँकर खरंच आला, आणि आमच्या गल्लीची ओळ आधीच लागलेली होती.

मास्तर मी पहिल्यांदा पाहिले ते स्टुडिओतच. ते अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. चाकूरला प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आणि तिथल्या भजनी मंडळाची पेटी वाजवणारे. त्या भागात मास्तरांची पेटी म्हटलं की माणसं जेवण लवकर उरकून येत. अप्पांची फार इच्छा की त्यांची पेटी रेकॉर्ड करावी. मास्तर यायचे, पोत्यांच्या वासाने शिंकायचे, डब्याला पायाने ढोसायचे आणि म्हणायचे, "भांडेवाल्या, ह्याला भाता कुटाय? भाता न्हाई म्हंजे श्वास न्हाई. मेलेल्याची पेटी मी वाजवत नसतो."

"तू वाजीव तर. जित्ता होतो का न्हाई बघू."

मास्तर कधी वाजवायचे नाहीत. चहा प्यायचे, काकूंना एखादं भजन गायला लावायचे आणि जायचे.

मग त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणं जरा जड झालं तरी राहिलं, पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. हात मात्र हलेना. उपचारासाठी ते लातूरला मुलाकडे राहायला आले आणि अप्पा त्यांना माझ्याकडे घेऊन आले.

माझ्याकडे येणारी बरीच माणसं आधी रडतात, मग चिडतात, मग व्यायाम करतात. मास्तर यातलं काहीच करायचे नाहीत. उजवा हात मांडीवर घेऊन बसायचे, कुणी प्रवासात आपलं गाठोडं सांभाळायला दिलंय आणि उतरून गेलंय, तसे. मी म्हणायचे, "बोटं उचलायचा प्रयत्न करा." ते म्हणायचे, "कशाला? शिकवून झालं, वाजवून झालं. आता बसायचं." अप्पा स्टुलावर बसून सूचना द्यायचे. "मास्तर, जोर लाव. मास्तर, तिकडं ध्यान दे." शेवटी मी त्यांना तोंड बंद ठेवायच्या अटीवर बसू द्यायला लागले.

अप्पांना एक सोपा मार्ग सुचला. त्यांच्या कीबोर्डला भाता मारावा लागत नाही, म्हणजे डावा हात मोकळा. मग डाव्यानेच वाजवावं. त्यांनी मास्तरांना धरून वर नेलं, पुढे उदगीरचा पाहुणा ठेवला. मास्तरांनी डावा हात पट्ट्यांवर ठेवला आणि साधी सरगम वाजवायला घेतली. चार सुरांत बोटं एकमेकांत अडकली. परत घेतली. परत अडकली. पन्नास वर्षं ज्या हाताने नुसता भाता मारला त्याला सूर कुठले माहीत असणार? अंगठा करंगळीच्या जागी, करंगळी अंगठ्याच्या जागी. मास्तरांनी हात काढून घेतला. मग म्हणाले, "पयलीतली पोरं बरी वाजवतील." काठी घेऊन जिना उतरले आणि त्यानंतर माझ्याकडे यायचेच बंद झाले.

त्या दिवसांत अप्पांनी एकही यंत्र उघडलं नाही. हेडफोनही गळ्यात नव्हता. काकू मला म्हणाल्या, "चूक झाली म्हंतेत. त्याला वाजवाया लावाया नको होतं."

बऱ्याच दिवसांनी मास्तरांच्या मुलाने त्यांना जवळजवळ ओढतच माझ्याकडे आणलं. मी ठरवलं, आज बोटं उचला म्हणायचंच नाही. मी आरसा काढला. यात मोठं काही नाही. टेबलावर मधोमध उभा आरसा ठेवायचा, दुखणाईत हात त्याच्या मागे झाकायचा, आणि धडधाकट हात पुढे ठेवून हलवायचा. बघायचं मात्र आरशात. आरशातला डावा हात उजव्यासारखा दिसतो. डोळे मेंदूला सांगतात, बघ, तुझा उजवा हलतोय. कधीकधी मेंदू विश्वास ठेवतो.

मास्तरांनी डाव्या हाताची बोटं उघडमीट केली. आरशात उजवा हात उघडमीट करायला लागला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मान पुढे केली. "हा माझाच वाटायलाय की," असं पुटपुटले.

अप्पा स्टुलावरून उठले. मास्तरांच्या पाठीमागे उभे राहून वाकून आरशात बघायला लागले. मी डोळे वटारले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते अगदी हळू म्हणाले, "डॉक्टरबाई, हा आरसा मला पायजे."

"व्यायाम चालू आहे, अप्पा."

"मग झाल्यावर द्या."

व्यायाम झाला, मास्तरांना मुलगा घरी घेऊन गेला, आणि अप्पा आरसा काखेत मारून जिना चढले. मागून मी, माझ्यामागून पोळपाट तसाच टाकून काकू. वर अप्पांनी कीबोर्डच्या पट्ट्यांवर आरसा मधे भिंतीसारखा उभा धरला, म्हणजे अर्ध्या पट्ट्या खऱ्या आणि अर्ध्या आरशातल्या.

"मास्तरच्या बोटांची सवय उजव्याची हाय," ते म्हणाले. "अंगठा खालच्या सुराला, करंगळी वरच्या. डावा हात म्हंजे आरशातला उजवा. मग पेटीबी आरशातली पायजे. डावीकडं वरचे सूर, उजवीकडं खालचे."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं तो आरसा वापरत होते.

"पण अप्पा, पेटी उलटी कशी करणार? पट्ट्या काढून लावणार?"

"पट्ट्या कशाला? हुकूम उलटा करायचा. पट्टी ही दाबायची, हुकूम त्या पट्टीचा पाठवायचा." ते आरसा पट्टीपट्टीवर सरकवत होते. "पन मधली पट्टी कोनती धरायची? चुकली तर काळीचा हुकूम पांढरीला जाईल. समदा कालवा होईल."

त्यांनी एका पांढरीवर आरसा ठेवला. आरशात काळ्या पट्ट्या एका ठिकाणी चार झाल्या. पुढच्या पांढरीवर ठेवला, तर दोन पांढऱ्या चिकटून एक जाडजूड पट्टी दिसायला लागली. असं करत करत आरसा दोन काळ्यांच्या मधल्या पांढरीच्या बरोबर मधोमध आला आणि काकू म्हणाल्या, "थांबा. आता कायबी बिघडल्यावानी दिसंना. हाय तसंच दिसायलंय." खरंच, खरी पेटी आणि आरशातली पेटी मिळून एक सरळ, साधी, कुठेही न मोडलेली पेटी दिसत होती. काकूंनी कणकेचं बोट त्या पट्टीवर टेकवून खूण केली. अप्पा एरवी यंत्राला पाण्याचा थेंब लागू देत नसत, त्या दिवशी काही बोलले नाहीत.

कॉम्प्युटरमधल्या गाण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आलेला हुकूम बदलून पुढे पाठवायची सोय होती. तिथली प्रत्येक ओळ अप्पांनी केव्हा ना केव्हा दाबून बघितलेली. त्यातल्या एकीवर मिरर असं लिहिलेलं होतं. "ही मी लई डाव दाबली," ते म्हणाले, "कशाला दिलीय हेच समजंना." त्यांनी कणकेच्या खुणेचा नंबर घातला, एंटर मारलं, आणि डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत गेले. सूर उतरत गेले.

पण एकही सूर थांबेना. दाबलेली प्रत्येक पट्टी बोलतच राहिली. सगळे मिळून असा काही गोंधळ झाला की खालून शेजारची बाई ओरडून विचारायला लागली, टँकर आला का.

पुढचे काही दिवस अप्पांचं जेवणात लक्ष नव्हतं. वायरी बदलून झाल्या, डबा उघडून झाला, कॉम्प्युटरमधली नातीची सगळी चित्रं आणि खेळ पुसून झाले, म्हणजे त्याला दुसरं काही सुचू नये. एका सकाळी मी दवाखाना उघडत होते तर ते अंघोळीच्या ओल्या पंच्यावरच जिना चढताना दिसले. मला म्हणाले, "सापडलं. दाबायचा हुकूम आरशातून जायलाय, सोडायचा हुकूम सरळच जायलाय. एकाला दाबायलो, दुसऱ्याला सोडायलो. मग तो थांबंल कसा?" थोड्या वेळाने वरून एक सूर आला आणि थांबला. मग दुसरा आला, थांबला. मी खालूनच टाळ्या वाजवल्या.

मास्तरांना परत वर आणणं हे सगळ्यात अवघड काम होतं. अप्पांनी विनवलं, मी खोटं सांगितलं की तो व्यायामाचाच भाग आहे. ते आले, बसले, डावा हात पट्ट्यांवर ठेवला. एक पट्टी दाबली आणि दचकले. "हे उलटं हाय."

"हाव. तुझ्यासाठीच हाय."

मास्तरांनी पट्ट्यांकडे बघत बघत सरगम घ्यायचा प्रयत्न केला. परत बोटं अडखळली. डोळ्यांना दिसत होतं एक आणि कानाला ऐकू येत होतं दुसरंच. अप्पांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हे परत काठी शोधणार.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांना यातलं काही दिसलंच नाही, किंवा दिसूनही दिसू दिलं नाही. कप ठेवत त्या म्हणाल्या, "मास्तर, ते सोमवारचं भजन तुमी वाजवायचाव, त्याचं दुसरं कडवं वरून उचलायचं का खालून? मला कालपास्न आठवंना झालंय."

"वरून की," मास्तर त्यांच्याकडे तोंड करून म्हणाले. "खालून कसं उचलाल? गळा कुटं जाईल? हे असं." आणि काकूंकडे बघत बघतच त्यांनी ते वाजवलं.

पूर्ण ओळ. मधली हरकत घेऊन. हात मास्तरांचा नव्हताच जणू, म्हणजे होता तो त्यांचा जुना उजवा हातच होता, फक्त दुसऱ्या खांद्याला लागलेला. ओळ संपली तेव्हा मास्तरांनी हळूच मान वळवून खाली, हाताकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "हां, वरून. आता पुढचं?" आणि गायला लागल्या. मास्तरांनी भिंतीवरच्या पोत्याकडे नजर लावली आणि वाजवत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. अप्पा हेडफोन शोधत होते. हेडफोन गळ्यातच होता.

त्यानंतर मास्तर रोज यायचे. अट माझी: आधी खाली उजव्या हाताचा व्यायाम, मग वर डाव्याचं वाजवणं. आता त्यांनी एकदाही 'कशाला' विचारलं नाही.

श्रावणात चाकूरच्या भजनाला अप्पांनी सगळा स्टुडिओ छोट्या टेम्पोत भरून नेला. काकू, मी, मास्तर पुढे, अप्पा मागे कॉम्प्युटरला धरून. मंदिरात मांडामांड बघून मंडळातली म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. तबलजी मास्तरांचा जुना जोडीदार. तो सवयीने त्यांच्या हाताकडे बघून वाजवणारा. हात खाली गेला आणि सूर वर चढला, तसा तो बिचारा सम चुकला. परत चुकला. मास्तर त्याला म्हणाले, "गड्या, माझ्या हाताकडं बघू नको. मीबी बघत न्हाई." सगळे हसले, तबलजीने डोळे मिटून घेतले, आणि मग जे भजन रंगलं ते रंगलं.

ऐन रंगात लाइट गेली. कॉम्प्युटरखाली अप्पांनी बॅटरी ठेवलेली, तो चालू राहिला. डबा मात्र गेला. माणसं टाळांवर गात राहिली. थोड्या वेळाने लाइट आली, डबा जागा झाला, आणि नेहमीप्रमाणे सगळं विसरून जागा झाला. मास्तरांनी पट्टी दाबली तर पेटीच्या जागी तुतारी. मंदिर दणाणलं. अप्पा बटणाकडे झेपावले. मास्तरांनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. देवालाबी जाग यायला पायजे." उरलेलं भजन तुतारीवर झालं. परतताना टेम्पोत अप्पा सारखे म्हणत होते, "मास्तर, मेलेल्याची पेटी वाजवलास बघ." मास्तर म्हणाले, "तिला श्वास न्हाई हे मी अजूनबी म्हंतो. पन बोलती बरी."

पुढे मी नांदेडला परत आले आणि इथेच दवाखाना काढला. लातूरला जाणं कमी झालं. फोन मात्र येतात. अप्पा फोनवर आधी नवीन यंत्राचा आवाज ऐकवतात, मग कसे आहात विचारतात.

या दिवाळीनंतर गेले होते. काकूंनी वरच पाठवलं. मास्तर आपल्या जागी बसलेले, डावा हात पट्ट्यांवर. शेजारी आणखी एक कीबोर्ड होता, लहान मुलाच्या खेळण्याएवढा, आणि त्याच्यावर मास्तरांचा उजवा हात. अंगठा एका पट्टीवर टेकलेला.

"बघा," अप्पा म्हणाले.

मास्तरांचा अंगठा थरथरला, पट्टी खाली गेली आणि षड्ज लागला. भरदार, घुमणारा. मी पुढे वाकून अंगठा बघितला. तो खरंच मास्तरच दाबत होते. हाताला इतकी जान येईल असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तर मात्र खूश दिसेनात. "ह्यानं कायतरी लबाडी केलीय," ते म्हणाले. "डॉक्टरबाई, मी येवढा हळू दाबतो आणि हे येवढं मोठ्यानं बोलतं. विचारा त्याला."

अप्पा ओशाळले. "केलीय थोडी. हुकूम कितीबी हळू आला तरी पुरा आवाज दे, असं सांगून ठेवलंय डब्याला. ऐकू तरी यावं म्हनून."

"काढ ते," मास्तर म्हणाले. "माझं जितकं हाय तितकंच वाजू दे."

"मग कायच ऐकू येनार न्हाई, मास्तर."

"मला समजाया पायजे ना, माझं किती हाय ते."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी डब्याची बटणं दाबून ते काढून टाकलं. मास्तरांनी खोल श्वास घेतला, अंगठ्याकडे बघितलं आणि दाबलं.

मला पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. काकू वर आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. अप्पा उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.